ते आठ कुठून येणार?

‘ताई, मी 39 वर्षांची. शाळेत गणित शिकवते. घरात दोघांचा पगार येतो, तरी कार्डावरची थकबाकी गेली दोन वर्षं जागची हलत नाही. गेल्या महिन्यात एका फायनान्शियल कोचचा मोफत वेबिनार पाहिला. ती बाई बोलत होती आणि मी इकडे रडत होते, इतकं ते सगळं माझंच होतं. तिचा सहा महिन्यांचा कार्यक्रम आहे. फी एकरकमी झेपणार नाही, पण कार्डावर सहा हप्त्यांत घेतात. रविवारपर्यंत नाव नोंदवलं तर सवलत. नवरा म्हणतो, “खिशात पैसे नाहीत म्हणून पैशाचा सल्ला विकत घ्यायचा, हे कुठलं गणित?” त्याचं बरोबरही असेल. पण मग आमच्यासारख्यांनी जायचं कुठे? ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनाच सल्ला परवडतो का? वर्गात शेकडेवारी शिकवते आणि स्वतःचं स्टेटमेंट उघडायला हात धजत नाही. आकडे सोबत जोडले आहेत. – टक्केवारी’

प्रिय टक्केवारी,

तुमचे खरे आकडे मी छापणार नाही. तुमच्या घरात महिन्याला येणारे एकूण पैसे 100 धरते आणि बाकी सगळं त्याच मापाने मांडते. म्हणजे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणालाही आपलं घर त्यात बसवून पाहता येईल.

येतात 100. घर, शाळा, किराणा, प्रवास, वीज, फोन मिळून जातात 92. कार्डाचं किमान देणं 7. उरतो 1. कार्डावर थकबाकी 140, व्याज महिन्याला 3 टक्के. कोचची फी सहा महिन्यांची 48, म्हणजे दरमहा 8.

आता तुम्हीच सांगा, ते 8 कुठून येणार? उरतोय 1. तुमच्या कागदावर 8 कुठेच नाहीत, म्हणून ते कार्डावर जाणार. शिवाय एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. कार्डावर आधीची थकबाकी असेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत सहसा मिळत नाही, व्याज खरेदीच्या दिवसापासूनच चालू होतं. हप्त्यांना ‘सोपे’ म्हटलं म्हणून ते फुकट होत नाहीत. तेव्हा पहिलं उत्तर स्पष्टच देते: कर्ज काढून कोच लावू नका. रविवार येईल आणि जाईल. सवलतीची मुदत संपण्याच्या भीतीने माणसाकडून पैसे काढून घेणारा कोच त्या माणसाला पैसे धरून ठेवायला कसा शिकवणार, हे मला कधी उमगलेलं नाही.

म्हणजे नवऱ्याचं बरोबर? अर्धं. हे 48 आत्ता देऊ नयेत, इथपर्यंत बरोबर. पण सल्ला ही पैसेवाल्यांची चैन, असं जर त्याला म्हणायचं असेल तर चूक. तंगीत असलेल्या माणसाला दुसऱ्या डोळ्यांची गरज जास्त असते, आणि त्याला कारणही आहे.

तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर केलेला एक अभ्यास 2013 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. उसाचे पैसे वर्षातून एकदाच हाती येतात, त्यामुळे तोडणीआधी तंगी आणि तोडणीनंतर सुबत्ता. त्याच शेतकऱ्यांना दोन्ही वेळी बुद्धीच्या चाचण्या दिल्या, तर तोडणीनंतर ते जास्त चांगले सोडवत होते. माणूस तोच, डोकंही तेच. फक्त आधी त्या डोक्यातली बरीच जागा ‘कुणाचे कसे भागवायचे’ यानेच अडवून ठेवली होती, असा अभ्यासकांचा निष्कर्ष. तुम्ही पत्रात तीन वेळा ‘मी गणिताची शिक्षिका असून’ असं लिहिलंय (मी छापताना दोन वेळा काढलं). ती खंत सोडून द्या. शेकडेवारी येत नाही म्हणून तुम्ही अडलेल्या नाही आहात.

आणि शेकडेवारी येते म्हणून सुटणारही नाही. 2014 साली आर्थिक साक्षरतेच्या शेकडो अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. माणसामाणसांच्या पैशाच्या वागणुकीत जो फरक दिसतो, त्यातला शिकवण्यामुळे पडलेला जेमतेम 0.1 टक्का निघाला, आणि तो परिणामही दिवसांगणिक ओसरत जाणारा. म्हणूनच त्या कार्यक्रमातले ‘40 व्हिडिओ, 12 वर्कशीट आणि आजीवन प्रवेश’ ही तुमच्यासाठी अडगळ आहे. तुम्हाला माहिती नकोय. शेजारी बसून, भुवया न उंचावता, तुमच्याबरोबर आकडे बघणारं माणूस हवंय. कोचच्या सगळ्या कार्यक्रमातला कामाचा भाग तेवढाच, आणि तो सुटा मिळतो. कधी स्वस्तात, कधी फुकट.

तो बघायचा भाग आज तुमच्या कागदावर मीच थोडा करते.

140 वर 3 टक्के म्हणजे महिन्याला 4.2 व्याज. तुम्ही भरता 7. म्हणजे दर महिन्याला 2.8 मुद्दल कमी व्हायला हवं. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे दोन वर्षांत थकबाकी हललेली नाही. याचा अर्थ दर महिन्याला तेवढेच, 2.8 च्या आसपास, कार्डावर परत चढतायत. तुमच्या 92 च्या यादीत ते कुठेच नाहीत. ते काय आहेत?

मी अंदाज करते, चुकले तर कळवा. 2.8 गुणिले 12 म्हणजे वर्षाला साधारण 34. तुमच्या यादीत सगळे मासिक खर्च आहेत. वर्षातून एकदा किंवा दोनदा येणारं एकही नाही: विम्याचा हप्ता नाही, गाडीची दुरुस्ती नाही, चष्मा नाही, कुणाचं लग्न नाही, शाळेचं सत्राच्या सुरुवातीचं काही नाही. हे खर्च दर वर्षी येतात आणि दर वर्षी आपण ‘यंदा जरा जास्तच झालं’ म्हणतो. ते अचानक येत नाहीत हो, फक्त महिन्याच्या यादीत मावत नाहीत. तुमचं घर महिन्याच्या हिशेबाने चालतं आणि वर्षाच्या हिशेबाने बुडतं. तेव्हा पहिलं काम, गेल्या वर्षातले असे सगळे खर्च एका कागदावर उतरवून त्यांची बेरीज करणं. 34 च्या जवळपास आली तर तुमची गळती सापडली. नाही आली, तर ती कुठेतरी बारीकसारीक खरेदीत आहे आणि स्टेटमेंट उघडल्याखेरीज ती दिसणार नाही.

आता ते 8 पुन्हा घेऊ. समजा, ते खरोखरच कुठूनतरी निघाले. ते कोचला न देता कार्डातच भरले तर? आज तुम्ही ठाम 7 भरत राहिलात आणि कार्डावर नवं काही चढवलं नाही, तर 140 फिटायला 31 महिने लागतात. 7 ऐवजी 15 भरलेत तर साधारण 11. आणि एकूण भरण्यातला फरक येतो 50 च्या आसपास, म्हणजे कोचची अख्खी फीच. मी हे कोचच्या विरोधात मांडत नाही. एवढंच सांगतेय, की ते 8 सापडणं हाच निम्मा इलाज आहे. फी परवडायला लागेल त्या दिवशी फीची गरजही बरीच कमी झालेली असेल. थोडं विचित्र आहे खरं, पण आहे.

31 महिन्यांच्या हिशेबात एक ‘ठाम’ शब्द आहे, तो बघा. बँक दर महिन्याला किमान देय रक्कम छापते ती थकबाकीच्या टक्क्याने, तुमच्या बाबतीत 5 टक्के. थकबाकी कमी होते तशी ती रक्कमही कमी होत जाते, आणि आपल्याला वाटतं चला, सुटलो. त्या घटत्या रकमेच्या मागे गेलात तर 31 महिन्यांनंतर निम्म्याहून जास्त कर्ज अजून डोक्यावर असेल. आणि 7 चे 7 च ठेवलेत तर शून्य. जास्तीचा खर्च कुठलाच नाही, फक्त छापलेल्या आकड्याकडे दुर्लक्ष करायचं. ‘किमान’ ही बँकेची सोय आहे. आणि हो, महिन्याला 3 म्हणजे वर्षाला 36 नव्हे, चक्रवाढीने 42 च्या वर जातं. हे तुम्ही आठवीला शिकवत असाल.

दुसरं काम फोनचं. कार्ड देणाऱ्या बँकेला विचारा, की ही थकबाकी कमी व्याजाच्या मुदतीच्या हप्त्यांत बदलून देता का. पुष्कळ बँका देतात, पण आपण होऊन सांगत नाहीत. समजा, व्याज निम्म्यावर, दीड टक्क्यावर आलं, तर त्याच 7 मध्ये 31 चे 24 महिने होतात. प्रक्रिया शुल्क किती, आणि आधी फेडलं तर दंड आहे का, एवढं त्याच फोनवर विचारून घ्या. मात्र एक लक्षात ठेवा. अशी सोय झाल्यावर कार्डाची मर्यादा मोकळी दिसायला लागते. तेव्हा कार्ड पाकिटातून बाहेर काढून ठेवायचं, नाहीतर दोन कर्जं होतात. कोणी मध्यस्थ ‘तुमचं कर्ज अर्ध्यात मिटवून देतो, आधी आमची फी भरा’ म्हणत आला तर दार लावून घ्या. थकबाकी तडजोडीत मिटवली की कर्ज-इतिहासावर डाग राहतो आणि आधी भरलेली फी बहुतेकदा परत दिसत नाही.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. जायचं कुठे?

न्यूयॉर्कमध्ये 1976 साली कर्जात बुडालेल्या लोकांनी ‘डेटर्स अनॉनिमस’ नावाचा गट सुरू केला. दारू सोडणाऱ्यांचे गट असतात त्याच धर्तीवर, फीशिवाय. आज त्यांच्या बैठका बऱ्याच देशांत होतात, ऑनलाइनही. त्यांची एक पद्धत मला फार आवडते. नवीन माणसाने आधी काही आठवडे एकूण एक खर्च लिहून काढायचा. मग गटातली दोन अनुभवी माणसं त्याच्याबरोबर बसतात, ते आकडे बघतात आणि पुढच्या खर्चाचा आराखडा करायला मदत करतात. दोन माणसं, एक वही, एक संध्याकाळ. ही माणसं तज्ज्ञ नसतात, स्वतः त्या खड्ड्यातून वर आलेली असतात. तुम्हाला गट नको असेल तर नका जाऊ, पण पद्धत उचला. तुमच्या ओळखीतली अशी दोन माणसं आठवा, ज्यांनी कधीतरी कर्ज फेडलंय आणि जी तोंडाची घट्ट आहेत. ज्यांच्याकडून उसने घेतलेत ती नकोत. जवळचे नातेवाईकही शक्यतो नकोत. तुमचा आकडा पुढच्या समारंभात पंगतीला वाढला जायचा.

याशिवाय जागा आहेत. अनेक देशांत ना-नफा तत्त्वावरची कर्ज-समुपदेशन केंद्रं असतात. अमेरिकेत अशा संस्थांचा महासंघ 1951 पासून आहे. तिथला समुपदेशक तुमच्या वतीने बँकेशीही बोलतो. नोकरीच्या ठिकाणी कर्मचारी साहाय्य योजना असेल तर तिच्यात मनाच्या समुपदेशनाबरोबर अनेकदा पैशाचंही असतं आणि कुणी ते वापरत नाही, कारण कुणी विचारतच नाही. सहकारी पतसंस्था, कामगार संघटना, सार्वजनिक वाचनालयं यांच्याकडे चौकशी करा. कोच होण्याचं शिक्षण घेणाऱ्यांना प्रमाणपत्रासाठी अनेकदा प्रत्यक्ष कामाचे तास दाखवावे लागतात. असे विद्यार्थी कमी फीत किंवा फुकट बसतात आणि त्यांच्या पाठीशी अनुभवी माणूस असतो. नवशिका म्हणून बिचकू नका. तुमचा प्रश्न अवघड नाही, फक्त जुना आहे.

फुकटाबद्दल मात्र एक स्वतःचं सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी असाच एक ‘मोफत सल्ला’ देणारा गृहस्थ माझ्या घरी आला होता. दोन तास बसला, माझ्या काळजीने त्याचाच जीव वर-खाली होत होता. जाताना माझी एका लांब मुदतीच्या विमा-बचत योजनेवर सही झालेली होती. तिसऱ्या वर्षी हप्ता झेपेना, योजना मोडली, आणि भरलेल्यातलं निम्मंसुद्धा हाती आलं नाही. त्याची फी मीच भरत होते, मला कळत नव्हती इतकंच. तेव्हापासून मी प्रत्येक सल्लागाराला पहिला प्रश्न एकच विचारते: तुम्हाला पैसे कोण देतं? उत्तर एका वाक्यात आलं तर पुढे बोलते. ‘तुम्ही त्याची काळजी करू नका’ असं आलं, की काळजी करते.

पैसे देऊनही मी एकदा सल्ला घेतलाय, हेही सांगायला हवं. एकच बैठक, दीड तासाची. त्या बाईंनी मला वही उघडायला लावायच्या आधी विचारलं, पगार कोणत्या तारखेला होतो आणि कार्डाची शेवटची तारीख कोणती? पगार पाचला, कार्ड दोनला. दर महिन्याला तीन दिवसांसाठी मी विलंब शुल्क भरत होते आणि स्वतःला वेंधळी म्हणत होते. बँकेला सांगून बिलाची तारीख पुढे घेतली, संपलं. त्या बैठकीची फी पाच-सहा महिन्यांत वसूल झाली. (तुमच्या दोन तारखा काय आहेत, बघा बरं.) हे मला घरबसल्या सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

म्हणून कोच लावूच नका असं मी म्हणणार नाही. 2015 मध्ये अमेरिकेतल्या दोन शहरांतल्या अशा कार्यक्रमांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात चिठ्ठ्या टाकून काही जणांना कोच दिला होता आणि काहींना नाही. एका ठिकाणी लोकांची बचत वाढली, दुसऱ्या ठिकाणी कर्ज उतरलं. पण ते दोन्ही कार्यक्रम कमी-मध्यम मिळकतीच्या लोकांसाठी विनामूल्य होते. त्या लोकांना फीसाठी आधी कर्ज काढावं लागलं नव्हतं, हा फरक मला मोठा वाटतो.

तुमची गळती महिन्याला 2.8. तुमच्या वेबिनारवाल्या बाईंच्या एका सुट्या बैठकीची फी दोन-तीन महिन्यांच्या गळतीइतकी, म्हणजे 6 ते 8 असेल, आणि ती तुम्ही आधी साठवून रोख देऊ शकत असाल, तर अवश्य जा. पूर्ण कार्यक्रम 48 म्हणजे 17 महिन्यांची गळती; ती बंद झाल्यावर ठरवा. त्यांना सरळ लिहा: ‘मला सहा महिने परवडत नाहीत. एक बैठक द्याल का? ऐपतीप्रमाणे फीची सोय आहे का? गटात बसले तर किती?’ चांगला कोच या प्रश्नाचा अपमान मानत नाही, त्याला हे प्रश्न रोजचे असतात. उत्तरादाखल ‘स्वतःवर गुंतवणूक करायला घाबरताय’ असं काही आलं तर तुमचे 48 वाचले म्हणून समजा. बहुतेक ठिकाणी ‘कोच’ ही पाटी लावायला कुठलाही परवाना लागत नाही, तेव्हा शिक्षण काय, किती वर्षं करताय, कुठली योजना विकता का, हे विचारायला लाजू नका. पासवर्ड, ओटीपी किंवा खात्याचा ताबा मागणाऱ्याकडे तर दुसरा प्रश्नही विचारायचा नाही.

एक अवघड गोष्ट राहिली. काही घरांत हिशेब कितीही नीट केला तरी 100 मध्ये 100 चं घर बसत नाही. आजारपण असतं, एकाची नोकरी गेलेली असते. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. तिथे कोच काही करू शकत नाही. तिथे मिळकत वाढवणं, किंवा बँकेशी बोलून हप्ते पुढे ढकलणं, किंवा हक्काची मदत मागणं हेच मार्ग. तुमचं घर तसं दिसत नाही. तुमचं फार थोड्याने बिनसलंय, पण ते थोडं रोज व्याज खातंय.

आणि नवरा. पत्रात त्याचं एक वाक्य आहे, पण त्याने स्टेटमेंट पाहिलंय का, हे कुठे नाही. मला वाटतं नाही पाहिलं. पगार दोघांचा, कार्ड एकटीचं, भीती एकटीची, असं काहीसं झालंय का? तसं असेल तर तुमच्या पहिल्या दोन माणसांतला एक घरातच आहे. त्याला सल्ला मागू नका, शेजारी बसायला सांगा. शेवटून तीन महिन्यांची स्टेटमेंटं, अर्धा तास, त्या दिवशी कुणी कुणाला ‘हे कशाला घेतलंस’ विचारायचं नाही, फक्त मोठ्याने वाचायचं. त्याचा प्रश्न ‘हे कुठलं गणित’ असाच होता ना? त्याला म्हणावं, हे घे, हे.

वर्षाचे खर्च मांडून झाले की बेरीज मला कळवा. 34 आली की नाही, याची मला खरंच उत्सुकता आहे. छापणार नाही.

तुमची,
ताई